नागपूर परिसरातील तलावांत मरळ कशी धरावी
अमेरिकेत बास माशासाठी रूढ असलेली रबरी बेडकाची, म्हणजे बेडकाच्या आकाराचे रबरी आमिष पाण्यावरून ओढण्याची पद्धत आपल्या मरळीलाही उत्तम लागू पडते, कारण दोन्ही मासे पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि वरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात. पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीस बंदी आहे. इतर तलावांवर स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी आधी घ्यावी. सुमारे ७ फुटांची ताठ काठी आणि विणलेला मजबूत दोरा पुरेसा होतो.

मरळ हवेतला श्वास घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर येते. तो बुडबुडा जिथे उठेल त्याच्या थोडे पलीकडे आमिष फेकून ते शेवाळावरून, मध्ये थांबत, सावकाश ओढावे. पाणी उसळताच काठी झटकण्याचा मोह होतो, आणि माझे सर्वाधिक मासे याच घाईने सुटले आहेत. म्हणून दोऱ्यावर माशाचे वजन हाताला जाणवेपर्यंत थांबावे.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला, की जवळच त्यांची राखण करणारे आईबाप असतात. काही जण मुद्दाम तिथेच गळ टाकतात, हे मला मुळीच मान्य नाही, कारण राखणदार गेल्यावर ती पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. अशी जागा सोडून पुढे जावे.