वीटभट्टीवर लसीकरणाला निघताना (आणि हो, डायल्युएंट मोजा)

गेल्या वर्षी डिसेंबरात एका भट्टीवर मी नऊ पोरांना गोवर-रुबेलाची लस न देता परत पाठवलं. लस होती. कॅरियरमध्ये गार, लेबलवरची तारीख बघितलेली, सगळं चोख. लसीत कालवायचं पाणी, म्हणजे डायल्युएंट, तेवढं आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लशींच्या फ्रीजमध्ये, राहिलं होतं. एमआरची, म्हणजे याच गोवर-रुबेलाच्या लसीची, व्हायल (छोटी बाटली) म्हणजे तळाला चिकटलेली सुकी पावडर, पाण्याशिवाय तिचा उपयोग शून्य. म्हणून ही यादी. भट्टीवर पहिल्यांदा जाणाऱ्या सिस्टरसाठी आहे, आणि थोडी माझ्यासाठीही.

तयारी आठ दिवस आधी सुरू करा, आणि ती औषधांच्या खोलीत नाही, भट्टीवर. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कातकरी कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईच्या भट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. गावाकडच्या यादीत ही पोरं ‘बाहेरगावी’ आणि इथल्या यादीत अजून चढलेलीच नसतात. आयती यादी मिळेल या भरवशावर राहू नका. आशाताईंना बरोबर घ्या आणि झोपडी न् झोपडी फिरा. ‘लहान मूल आहे का’ विचारलं की ‘नाय’ असंच उत्तर येतं, सरकारी माणसाला पहिलं उत्तर तेच द्यायचं असतं. त्यापेक्षा दोरीवर काय वाळतंय ते बघा, आत झोळी टांगलेली दिसते का बघा. वयही महिन्यांत विचारू नका. ‘होळीला पोटात होतं की मांडीवर?’ असं विचारलं तर नेमकं कळतं.

कार्ड गावाला राहिलेलं असतं. नेहमीच. कोरी कार्डं जास्तीची घ्या. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मोबाइल नंबर टाकून बघा, पण नंबर बदललेला असतो. डाव्या दंडावर बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण आहे का बघा, आईला नीट विचारा, आणि कार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. दीड महिन्याला पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) चुकला असेल तर तो वर्षाच्या आत कधीही सुरू करता येतो, आणि एमआर पाच वर्षांपर्यंत देता येते. ‘आता उशीर झाला’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज निघतं, तेवढं आवरा.

वेळ शेठला सांगायची, पण विचारायची बायकांना. आमच्याकडे थापणी अंधारातच सुरू होते आणि ऊन चढलं की थांबते. हजार विटांमागे मजुरी, त्यात उचल फेडायची, म्हणजे गाऱ्यातून उठलेल्या प्रत्येक तासाला किंमत आहे. एकदा वार ठरला की तो मोडायचा नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी हे मोजून बघितलंय. जिथे काहीच वेगळं केलं नव्हतं त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं 6 टक्के होती. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर लागलं तिथे ती 18 टक्के झाली, आणि शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ आणि सगळे डोस पुरे झाल्यावर ताटांचा संच दिला तिथे 39. डाळ आपल्या हातात नाही. न चुकता जाणं आहे. आणि गेल्यावर हातात पूर्ण लस असणं, हेही त्यातच आलं. मी गेले होते, वेळेवर गेले होते, काय उपयोग?

आता आदला दिवस, आणि इथे जरा थांबा. आयएलआर उघडून एमआरच्या व्हायल मोजा. तेवढीच डायल्युएंट मोजा. ‘असतीलच’ नाही, हाताने मोजा. बीसीजी नेत असाल तर तिचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही, एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीच्या व्हायलला चालत नाही. डायल्युएंट निदान 24 तास आधी आयएलआरमध्ये गेलेलं हवं, कारण कोमट पाणी घातलं की लस मरते. कालवायच्या मोठ्या सिरिंजही दर व्हायलला एक या हिशोबाने घ्या. छोट्या, आपोआप लॉक होणाऱ्या सिरिंज सगळ्यांना आठवतात, ही पाच एमएलची मागे राहते.

डायल्युएंट कसं राहतं ते सांगते, कारण ते निष्काळजी माणसाकडूनच राहतं असं नाही. लस पोहोचवणारा दादा सकाळी मोटरसायकलवर घाईत आला, मी कॅरियरचं झाकण उचललं, व्हायल दिसल्या, सही केली. सहीच्या कागदावर डायल्युएंटचा रकाना होता. मी तो वाचलाही नव्हता. भट्टीवर पोहोचून पहिली व्हायल हातात घेतली तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत दुसरं काहीच नाही. केंद्र दीड तासावर.

मुनीम भला माणूस. म्हणाला, नाक्यावरच्या डॉक्टरकडे इंजेक्शनचं पाणी मिळतं, पोराला पिटाळतो. समोर नऊ आया बसलेल्या, आणि खरं सांगते, एक क्षण मोह झाला. तो क्षण तुमच्यावर आला तर इदलिब आठवा. सप्टेंबर 2014 मध्ये सीरियात तिथे गोवराच्या लसीत डायल्युएंटऐवजी अॅट्राक्युरियम, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी स्नायू ढिले करायला देतात ते औषध, कालवलं गेलं. 15 मुलं दगावली. बाटल्या दिसायला सारख्या होत्या आणि एकाच फ्रीजमध्ये होत्या. म्हणून आपल्या आयएलआरमध्ये लस आणि डायल्युएंट सोडून काही ठेवायचं नाही, कुणाचं इन्सुलिन नाही, कुणाची पाण्याची बाटली नाही. आणि डायल्युएंट नसेल तर एमआर नाही. सलाइन नाही, नाक्यावरचं पाणी नाही. पण मुळात ती वेळच येऊ नये म्हणून मोजा.

त्या नऊपैकी एक बाई गाऱ्यातून तशीच उठून आली होती. कोपरापर्यंत चिखल, वाळून भेगाळलेला. पोराला चिखल लागू नये म्हणून तिने त्याला मनगटांनी धरलं होतं. तिला मी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा नऊपैकी तीन पोरं मुकादमाबरोबर दुसऱ्या भट्टीवर गेली होती, कुठल्या ते कुणाला माहीत नव्हतं. चौघांना लस मिळाली. दोघींनी नाही म्हटलं, त्यातली एक हीच. ‘त्या दिशी बसवून ठेवलंत ना बाई, आता नाय.’ मान वर न करता थापत राहिली. कागदावर ती ‘नकार’ म्हणून गेली. 2024 साली जगात 1 कोटी 40 लाखांवर बाळांना एकही डोस मिळाला नाही, आणि असा आकडा आला की आपण लगेच अफवा आणि अडाणीपणा यांवर बोलायला लागतो. ती बाई अडाणीपणाने नाही म्हणाली नाही. ती एकदा आली होती.

आणि गोवर काही वाट बघत नाही. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवराच्या साथीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस मिळाल्याशिवाय तो थांबत नाही, तिथे तीन पोरं निसटणं काही थोडं नाही.

सकाळी निघताना. आइस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच कॅरियरमध्ये कोंबू नका. वरून घाम सुटू दे, हलवून आत पाण्याचा आवाज येऊ दे, मग चार भरा. नाहीतर पेंटा गोठतो, आणि गोठलेला पेंटा वितळल्यावर चांगला दिसला तरी वाया. व्हीव्हीएम, म्हणजे लस उष्णतेने खराब झाली का ते दाखवणारी व्हायलवरची खूण, बघा, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा. अॅड्रेनलिनचा किट (लसीची तीव्र अॅलर्जी आली तर लागतो), तारीख बघून. हब कटर (सुया कापायचा), पॅरासिटामॉल, कार्डं, पेन. सही करण्याआधी झाकण उघडून डायल्युएंट मोजा. दादा घाई करेल, करू दे.

जागेवर सावली बघा. एमआर कालवली की व्हायलवर वेळ लिहा, चार तासांनी किंवा सेशन संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, फेकायची. एका पोरासाठी पाच डोसांची व्हायल फोडावी लागली तरी फोडा. वाया गेली म्हणून कुणी बोललं तर बोलू दे, पोर परत पाठवण्यापेक्षा बोलणी खाणं स्वस्त. कुठली लस दिली, पुढची कधी, ताप आला तर काय करायचं आणि कार्ड जपून ठेवा, एवढं प्रत्येकीला सांगा, विशेषतः तापाचं. रात्री पोर तापलं आणि आधी कुणी सांगितलेलं नसलं की सकाळी सगळ्या वस्तीला कळतं. अर्धा तास बसवा.

संपल्यावर: सुया कापून, पिशव्या बांधून, उघडी पेंटा आणि आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) परत कॅरियरमध्ये, नोंदी त्याच दिवशी. राहिलेल्या पोरांची नावं मुकादमाच्या नंबरसकट. दुसऱ्या दिवशी आशाताईंची फेरी. बाकी सगळं तुम्हाला येतंच.

उद्या त्याच भट्टीवर सेशन आहे. एमआरच्या तीन व्हायल लिहिल्यात. डायल्युएंटही तीन, कालच आयएलआरमध्ये ठेवलीत. संध्याकाळी घरी जाताना परत एकदा मोजून जाणार आहे.