जुन्या कोर्टासाठी आराखडे मागवण्याआधी

मराठवाड्यात काही तालुक्यांच्या गावी निजामाच्या काळातली कोर्टाची इमारत अजून वापरात आहे. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी तुळया, समोर लांब ओसरी. दुरुस्तीचा विषय निघाला की बहुतेकांना दोनच वाटा सुचतात, पाडून टाका नाहीतर सिमेंटचा गिलावा करून रंग द्या. तिसरी वाट वास्तुरचना स्पर्धेची, म्हणजे अनेक वास्तुविशारदांकडून आराखडे मागवून त्यांतला चांगला निवडण्याची. ती आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं काम वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांना मिळालं ते १९०९ च्या स्पर्धेतूनच. पण चांगले आराखडे यायचे तर आपली तयारी आधी पुरी हवी. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना जे पाहिलं, त्यावरून ही यादी.

पहिलं काम कागदाचं. इमारत कोणाच्या नावावर, आवारात अतिक्रमण किती, प्रशासकीय मान्यता कोण देणार, पैसा कुठून येणार, हे प्रधान जिल्हा न्यायाधीश, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि वकील संघ यांनी एकत्र बसून लेखी ठरवावं. यात घाई केली की पुढे सगळं अडतं.

मग मोजमाप. जुना नकाशा सापडला तरी त्यावर विसंबू नका. प्रत्येक दार, कमान, तुळई आणि भेग नव्याने मोजून घ्या, फोटो काढा. हे एकदा उन्हाळ्यात करा आणि एकदा भर पावसात. गळती कुठून येते, पन्हाळाचं पाणी कोणत्या भिंतीवर पडतं, छताच्या कठड्यात पिंपळाने मूळ कुठवर नेलंय, हे मे महिन्यात दिसत नाही.

भिंतींवर मात्र वेळ घालवा. चुन्यातली भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, लोणा धरतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. एका जुन्या कोर्टात मी हे डोळ्यांनी पाहिलं. गिलाव्याला दोन पावसाळे झाले होते. बोटाने टोकरलं तर मुठीएवढा तुकडा हातात आला आणि मागचा चुना ओल्या पिठासारखा झालेला. म्हणून मूळ चुन्याचे नमुने आधी तपासून घ्या आणि चुना मळून काम करणारे गवंडी आसपास कोण उरलेत, त्याचीही माहिती जमवा.

दुसरी तपासणी भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडी घरं का कोसळली ते आपल्याला ठाऊक आहे. बाहेर एक थर, आत एक थर, मधे माती आणि बारीक दगडांचा भराव, दोन्ही थर बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. कोर्टाची भिंत चुन्यातली असली तरी तिच्या पोटात काय आहे, हे संरचना अभियंत्याकडून पाहून घ्या. तो अहवाल सगळ्या स्पर्धकांना द्या. त्याच्याशिवाय आलेला आराखडा नुसतं चित्र ठरतो.

दप्तरखाना इमारतीइतकाच मोलाचा आहे. निजामाच्या राजवटीत इथलं कोर्टाचं कामकाज उर्दूत चालायचं आणि तारखा फसली सनात पडायच्या. फसली १३४८ म्हणजे १९३८-३९. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली, ते आपण पाहिलं. गवंड्याने पहिला घाव घालण्याआधी कागदांच्या प्रत्येक बस्त्याची (गाठोड्याची) यादी, स्कॅनिंग आणि कोरडी, वाळवी नसलेली जागा, या तिन्ही गोष्टी झालेल्या हव्यात. मुद्देमालाच्या खोलीचंही तसंच. तिथली एक पिशवी हरवली तरी खटला लंगडा होतो.

आता माझ्या मनातलं मुख्य. कोर्टात सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो पक्षकार, आणि त्याचाच विचार सगळ्यात कमी होतो. पहिल्या एसटीने आलेली आजी कागदांची पिशवी पोटाशी धरून लिंबाखाली बसते. शिपायाचा पुकारा तिथवर ऐकू जात नाही आणि तारीख हुकते. स्पर्धेची पुस्तिका, म्हणजे इमारतीत काय काय हवं ते स्पर्धकांना सांगणारा कागद, लिहिणाऱ्याने आधी आठवडाभर ओसरीत बसावं. सकाळी अकराला किती माणसं उभी असतात, बायकांना स्वच्छतागृह कुठे, साक्षीला आलेल्या लहान मुलीला आरोपीसमोरून जावं लागतं का, चाकाच्या खुर्चीला उतार आहे का, हे सगळं टिपावं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्रं करायला सांगितली आहेत; तालुक्यातही निदान वेगळं दार ठेवता येईल. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला वास्तुविशारद गुन्नार आस्प्लुंड यांनी जुन्या न्यायालयाच्या कामाची स्पर्धा १९१३ साली जिंकली, आणि बरेच आराखडे बदलून जोडइमारत १९३७ च्या सुमारास पुरी झाली. तिथल्या पायऱ्या मुद्दाम कमी उंचीच्या केल्या, वर जाणाऱ्याला धाप लागू नये म्हणून. आपल्या पुस्तिकेत ही नजर उतरायला हवी.

पाण्याची तजवीज लिहायची राहू नये. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. छपराचं पाणी साठवण्याची अट घालाच.

स्पर्धेचे नियम वास्तुविशारदांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या मार्गदर्शक सूचनांना धरून करा. आराखड्यावर नाव नको, फक्त क्रमांक. परीक्षकांत वास्तुविशारद जास्त असावेत, त्यांत एकाने तरी जुन्या दगडी इमारतींवर हाताने काम केलेलं असावं, आणि न्यायाधीश, वकील, नाझर (कोर्टाचा कार्यालयीन कारभार पाहणारा) यांनाही जागा असावी. एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना गेलं पाहिजे. दोन टप्पे ठेवा. दुसऱ्यात पोचलेल्यांना मानधन द्या, म्हणजे छोट्या गावातली तरुण मंडळीही उतरतील. आणि जिंकणाऱ्यालाच काम मिळेल, शेवटचा दगड बसेपर्यंत देखरेख त्याचीच राहील, हे कलम सही-शिक्क्यानिशी जाहिरातीतच छापा. बक्षीस एकाला आणि काम भलत्याला, असं झालं की पुढच्या वेळी चांगली माणसं फिरकत नाहीत.

कोर्ट बंद ठेवता येणार नाही. काम चालू असताना कोणती खोली कधी रिकामी होईल, पर्यायी जागा एसटी स्टँडपासून किती लांब, याचं वेळापत्रक जाहिरातीआधी ओसरीतल्या फलकावर लागलेलं असावं, मराठीत, मोठ्या अक्षरात.