कोलव्याच्या खाऱ्या हवेत सोलर कलेक्टरवर पुन्हा चढवलेला काळा थर

पाणी तापवणाऱ्या सोलर कलेक्टरच्या पत्र्याच्या पेटीतल्या तांब्याच्या पट्ट्यांवरचा, ऊन शोषणारा काळा थर पापुद्रे होऊन सुटला होता. काचेच्या निर्वात नळ्या असत्या तर हा खटाटोप व्यर्थच: त्यांचा थर निर्वातात असतो आणि टोकाचा चंदेरी ठिपका पांढरा पडला की नळीच बदलायची.

पहिल्यांदा घासूनच रंग मारला, तो महिन्याभरात फुगला. खार पॉलिश पेपरखाली तांब्यात दाबला गेला होता. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, वाळवा, मग ४०० नंबरने घासा, शेवटी ॲसिटोन. त्यानंतर उघडा हात लावू नका.

खरी मेख जाडीत आहे. सिलेक्टिव्ह रंग, म्हणजे ऊन शोषून उष्णता कमी बाहेर टाकणारा काळा रंग, जाड झाला की ऊन तेवढेच शोषतो, पण उष्णता जास्त बाहेर फेकतो. मग साध्या काळ्या रंगात आणि त्यात फरक उरत नाही. मी सुमारे २ मायक्रॉन धरले. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या तांब्याच्या पत्र्यावर आधी फवारून, वाळवून सोनाराच्या काट्यावर तोलले: वाळलेल्या थराची घनता १.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर वजन ०.२७ ग्रॅमने वाढायला हवे. हात बसेपर्यंत चार पत्रे गेले.

फवारणी जानेवारीत, दव उडाल्यावर, साधारण अकरा वाजता. पावसाळ्यात नकोच.

काच लगेच बसवू नका. रंगातला बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट भाग) तापून वाफा सोडतो आणि काच आतून धुरकट होते. पाणी न भरता तीन-चार दिवस उघडे तापू दिले, रात्री झाकून. पेटीच्या तळाची भोके मात्र मोकळी हवीत; माझ्या पेटीत ती मातीने बुजली होती, ओल तिथूनच साचत होती.