पाणी किती, ते लिहा

माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली नोंद बोर्डो मिश्रणाची, म्हणजे द्राक्षवेलीवर बुरशीच्या रोगासाठी फवारायच्या औषधाची आहे, आणि सगळ्यात मोठी चूकही तिच्यातच होती. 'एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना' असं लिहिलं आणि किती पाण्यात, ते लिहायचं राहून गेलं. आमच्या तासगाव भागात ते कुणाला सांगावं लागत नाही. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर, हे पोरासोरांनाही पाठ. पण वाचणारा होता इंदापूरकडचा, बाग पहिल्या वर्षाची, आणि त्याच्याकडं होतं २०० लिटरचं बॅरल. त्यानं बॅरल भरून घेतलं. फवारणी निम्म्या ताकदीची झाली, वर चार दिवस पाऊस लागून राहिला, आणि दावण्या (तोच तो बुरशीचा रोग) जो घुसला तो घडापर्यंत गेला. फोनवर माणूस चिडला असता तर बरं वाटलं असतं. "तुम्ही लिहिलंय तसंच केलं की, दादा," एवढंच म्हणाला.

म्हणून कुणी मला 'ब्लॉग सुरू करायचाय, कसा लिहू' असं विचारलं की मी पहिली गोष्ट हीच सांगतो. जे 'सगळ्यांना माहीतच असतं' असं तुम्हाला वाटतं, ते आधी लिहा.

हे सांगणारा मी कोण? चार एकर द्राक्षबाग आणि एक बेदाणा शेड असलेला माणूस. २००९ पासून लिहितोय. तेव्हा बरहा नावाचं सॉफ्टवेअर टाकून मराठी टाइप करायचो आणि 'ज्ञ' उमटवायला तीनदा मदत उघडून बघायचो. लेखक म्हणून नाव नाही, व्हायचंही नाही. पण सतरा वर्षांत दुसऱ्यांचे ब्लॉग भरपूर वाचले, त्यातले बहुतेक मरताना पाहिले, आणि थोडे का तगले तेही पाहिलं.

आता काय लिहायचं, इथून सुरुवात करू. माझी भाची पुण्यात डबे देते, रोजचे चाळीसेक. दिवाळीत म्हणाली, "मामा, मला पण ब्लॉग लिहायचाय," आणि पहिला मजकूर पाठवला. सुरुवात अशी: 'आजच्या धावपळीच्या जीवनात घरगुती अन्नाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' मी म्हटलं, बाई गं, हे वाक्य तू लिहिलेलंच नाहीस, ते शाळेच्या निबंधातून आपोआप चालत आलंय. डबे परत आले की तू काय करतेस ते सांग. तर म्हणाली, "धुवायच्या आधी उघडून बघते, काय उरलंय ते. वहीत लिहिते." काय लिहितेस? "मंगळवारी वांगं केलं की पाच-सहा डब्यांतून परत येतं. त्याच वांग्याचं भरीत केलं तर एकही येत नाही. कोबी सोमवारी खातात, शुक्रवारी टाकतात. का ते मला अजून कळलं नाही."

ती वही म्हणजेच ब्लॉग. तुमच्याकडंही असली वही असणार, कागदावर नसली तर डोक्यात. रिक्षा चालवत असाल तर कोणत्या स्टॉपवर किती वाजता परतीचं भाडं मिळतं ते. शिवणकाम करत असाल तर कोणतं कापड धुतल्यावर किती बोटं आटतं ते. पुस्तकात नसलेलं आणि तुम्ही हातानं शिकलेलं. जे गूगलवर आधीच चाळीस ठिकाणी आहे ते एकेचाळिसाव्यांदा लिहून कुणाचं भलं होणार? आता तर असले गुळगुळीत लेख यंत्रही दोन मिनिटांत काढून देतं. वांग्याचे सहा डबे मात्र त्याला मोजता येत नाहीत.

दुसरं, सुरुवात कुठून करायची. माझी बोर्डोची नोंद पहिल्यांदा लिहिली तेव्हा मी फ्रान्सपासून सुरू केली होती. गोष्ट तशी झकास आहे. बोर्डोकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी मारायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या १८८२ साली लक्षात आलं की आतल्या वेलींवर दावण्या आहे आणि रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्यानं ते जाहीर केलं. चोराला भिववायला मारलेलं औषध रोगावर निघालं! हे मी चार परिच्छेद रंगवून सांगितलं आणि मग कृतीकडं वळलो. पण वाचणारा त्या वेळी कुठं होता? बागेत. आभाळ भरून आलेलं, गडी पंप भरायला खोळंबलेले, आणि हा मोबाइलवर बोटानं पानं सरकवतोय. त्याला १८८५ नको, बादली हवी.

आता ती नोंद अशी सुरू होते: 'आदल्या रात्री एक किलो मोरचूद फडक्यात बांधून ५० लिटर पाण्यात लोंबता सोडा. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. सकाळी दुसऱ्या ५० लिटरमध्ये एक किलो कळीचा चुना विरवून गाळून घ्या. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत ढवळत.' मग खिळ्याची परीक्षा: घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घालायची. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. मिलार्देसाहेब आता सगळ्यात खाली आहेत. ज्याला निवांत वेळ आहे तो तिथवर जातो आणि खूश होतो. गोष्टी काढून टाका असं मी म्हणत नाही, फक्त हाताला काम असलेल्या माणसाची वाट अडवू नका.

मथळ्याचंही तसंच. दावण्यावरच्या लेखाला मी मोठ्या ऐटीत नाव दिलं होतं, 'द्राक्षावरील केवडा रोगाचे व्यवस्थापन'. केवडा हा पुस्तकातला शब्द. दुकानदार म्हणतो डाऊनी, आमच्याकडं म्हणतात दावण्या, आणि नवखा माणूस शोधतो 'पानावर तेलकट डाग'. वर्षभर त्या लेखाकडं कुणी फिरकलं नाही. मग नाव बदललं: 'पानावर तेलकट डाग दिसला: दावण्या (डाऊनी) असेल तर पहिल्या दिवशी काय करायचं'. लांबडं आहे, दिसायला काही शोभिवंत नाही. पण लोक पोचायला लागले. तुमचा वाचक कोणत्या शब्दानं दार ठोठावतो, तो शब्द दारावर लिहा.

तारीख घाला. हे किती जण विसरतात! औषधाचं नाव, भाव, सरकारी नियम, सगळं बदलतं. तारीख नसलेला सल्ला म्हणजे चिठ्ठी नसलेली बाटली. आमच्या धंद्यात तर कॅलेंडरची तारीखही पुरत नाही, छाटणीपासूनचा दिवस लागतो. 'नोव्हेंबरात फवारलं' याला अर्थ नाही. 'गोडी छाटणीनंतर (म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर) अठ्ठाविसावा दिवस' म्हटलं की नाशिकचा असो की पंढरपूरचा, बागायतदाराला वेल डोळ्यांपुढं दिसतो. प्रत्येक कामाचं असं एक स्वतःचं घड्याळ असतं. तुमच्या कामाचं कोणतं, ते शोधा आणि त्यानं वेळ सांगा.

चूक झाली तर पुसायची नाही. माझ्या नोंदीत ते जुनं वाक्य अजून आहे, मधोमध रेघ मारलेलं, आणि शेजारी लिहिलंय की पाण्याचा आकडा राहिला होता, एका बागेचं नुकसान झालं, अमुक तारखेला दुरुस्त केलं. सुरुवातीला लाज वाटायची. पण त्या रेघेमुळंच लोक बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

आता जरा ब्लॉगवाल्यांच्या रीतीभातींबद्दल बोलतो, कारण नवा माणूस तिथंच फसतो. मी आलो तेव्हा 'छान लिहिलंय, माझ्याही ब्लॉगला भेट द्या' ही आमची राम राम घालायची पद्धत होती. तू माझी पाठ खाजव, मी तुझी. त्यातून आकडा फुगायचा, लेखन होतं तिथंच राहायचं. दुसरा प्रकार शुभेच्छांचा: संक्रांत, गुढीपाडवा, कोजागरी, प्रत्येकाला एक चित्र आणि दोन ओळी. तिसरा माफीचा. एका ब्लॉगवर शेवटच्या तीन नोंदी 'बरेच दिवस लिहिणं झालं नाही, क्षमस्व' एवढ्याच होत्या, त्याही वर्षावर्षाच्या अंतरानं. माफी कशाला मागायची? कुणी पगार देतं का? सुचलं की लिहा. माझ्या खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) महिन्यात एक अक्षर होत नाही आणि कुणाचं काही अडत नाही.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं. नवीन नोंद आली की आपोआप कळायची सोय त्याबरोबर गेली, आणि माझे नेहमीचे वाचक पांगले. बरेच लिहिणारे फेसबुकवर गेले, मग व्हॉट्सॲपवर. तिथं वाचतात भरपूर, मी नाही म्हणत नाही. पण मार्च महिन्यात टाकलेली बेदाण्याची माहिती पुढच्या मार्चला शोधून दाखवा! ब्लॉगचा एवढाच फायदा मला कळतो, की वस्तू ठेवल्या जागी सापडते. (स्वतःकडं प्रत मात्र ठेवा. मी दर वर्षी सगळं उतरवून पेन ड्राइव्हवर घेतो.) बाकी मजकूर चोरीला जाणारच. माझाच बोर्डो मला 'फॉरवर्डेड'च्या शिक्क्यासह चुलतभावानं पाठवला होता, नाव काढून. पाण्याचा आकडा त्यात होता ना? होता. मग जाऊ दे म्हटलं.

प्रतिक्रियांत कौतुक शोधू नका, भर शोधा. बेदाण्यावर मी लिहिलं होतं की द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर सावलीत वाळवतो, आणि साधारण चार किलोला एक किलो बेदाणा पडतो. त्यावर कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहणाऱ्या एका मराठी माणसानं लिहिलं की इथं वेलींच्या ओळींमधल्या मातीवर कागद अंथरून त्यावर उन्हात वाळवतात, म्हणून त्यांचा बेदाणा काळपट आणि आपला हिरवट-पिवळा. मी ती प्रतिक्रिया उचलून नोंदीतच घातली, त्याला विचारून. 'खूप सुंदर' म्हणणारे दोनशे एका बाजूला आणि तो एक कागद एका बाजूला.

जाहिरातींचं विचारू नका. एकदा लावल्या होत्या. मोरचूद आणि चुना यांच्या मधोमध कर्जाची जाहिरात यायला लागली, काढून टाकल्या.

परवा रात्री अकराला भाचीचा नवा मजकूर आला. सुरुवात: 'गरम पोळी डब्यात भरली तर दुपारी ओली निघते. आधी पाच मिनिटं सुती फडक्यावर पसरा.' वा! खाली लिहिलं होतं की एकादशीला सात-आठ डबे कमी लागतात, म्हणून आदल्या रात्री कणीक त्या हिशेबानं भिजवायची. मी विचारलं, एका डब्याला कणीक किती धरतेस?

"ते काय मामा, सगळ्यांना माहीत असतं."