सीएमच्या दौऱ्याची बातमी कशी कराची
भाऊ, तालुक्यात मुख्यमंत्री येनार असले त पहिले जिल्हा माहिती कार्यालयात फोन लावा, दौऱ्याचा कार्यक्रम अन् प्रेसनोट तिथूनच भेटते, पासचंही तिथंच विचारा, ऐन वेळेवर नाही. भाषणातला आकडा नुसता ऐकून छापू नका, कापसाच्या मदतीचा आकडा चुकला का लोकं मजुरी पाडून बँकेत चकरा मारतात, मनून प्रेसनोट अन् महासंवाद या सरकारच्या बातम्यांच्या पोर्टलवर ताडून पाहा. अन् घोषणा वेगळी, जीआर मंजे लेखी शासन निर्णय वेगळा, हे वाचनाऱ्याले साफ सांगा. व्हॉट्सअॅपवर जीआर आला असन त त्याच्यावरचा संकेतांक (ओळख नंबर) शासनाच्या साइटवर टाकून पाहा. प्रश्न एकच ठेवा, छोटा, आपल्या गावचा. डिसेंबरात नागपूरले विधिमंडळाचं अधिवेशन राहते, तवा घोषणेचा पाठपुरावा करा.