इट, मी, हिम नेमके कुठे बसवायचे?

इंग्लिश बोलताना शब्द आठवत नाहीत म्हणून आपण अडतो असं वाटतं, पण खूपदा शब्द सगळे तोंडावर असतात आणि ते लावायचे कुठल्या क्रमाने यावर घोडं अडतं. मी कितीतरी वर्षं मेलमध्ये ‘प्लीज फिल इन इट अँड सेंड मी’ असं लिहायचो आणि कोणी कधी टोकलंही नाही. त्यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य ‘प्लीज फिल इट इन अँड सेंड इट टू मी’. (इथून पुढे अवतरणात ‘मी’ दिसला तर तो इंग्लिशमधला मी, म्हणजे आपला ‘मला’, हे लक्षात ठेवा नाहीतर गोंधळ होईल.)

आधी दुसरी चूक, कारण ती खास आपली आहे. मराठीत ‘भरून मला पाठव’ म्हटलं की पुरतं, काय पाठवायचं ते समोरच्याला कळतं. इंग्लिशला ते चालत नाही, तिथे ‘इट’ बोलावंच लागतं. ‘मला खूप आवडलं’ चं ‘आय लाइक्ड व्हेरी मच’ होत नाही, ‘आय लाइक्ड इट व्हेरी मच’ होतं. मग हा ‘इट’ बसवायचा कुठे, तर प्रोनाऊन (सर्वनाम, म्हणजे ‘इट’, ‘मी’, ‘हिम’ वगैरे) हा अगदी हलका शब्द आहे, त्याला एकट्याला उभं राहता येत नाही, कोणाचातरी हात धरावा लागतो, एकतर क्रियापदाचा नाहीतर प्रेपोझिशनचा (‘टू’, ‘अ‍ॅट’, ‘फॉर’ असे नामाच्या आधी येणारे शब्द). बाकी सगळं मागून येतं. म्हणून ‘आय नो हिम वेल’, ‘शी ओपन्ड इट स्लोली’. ‘शी स्लोली ओपन्ड इट’ पण चालेल, पण ‘शी ओपन्ड स्लोली इट’ कधीच नाही, कारण क्रियापद आणि ‘इट’ यांच्यामध्ये अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषण, इथे ‘स्लोली’) घुसला.

आता पहिली चूक, ‘फिल इन इट’, इथेच खरी गंमत आणि खरा त्रास. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर, पण लाइटच्या जागी ‘इट’ आला की एकच पर्याय उरतो, ‘टर्न इट ऑफ’. मग आपण म्हणतो ठीक आहे, ‘इट’ मध्ये टाकायचा, आणि ‘लुक इट अ‍ॅट’ म्हणून बसतो! तिथे मात्र ‘लुक अ‍ॅट इट’च हवं. कारण ‘टर्न ऑफ’ मधला ‘ऑफ’ हा अ‍ॅडव्हर्ब आहे, तो प्रोनाऊनचा हात धरत नाही, म्हणून ‘इट’ पळत जाऊन क्रियापदाला चिकटतो. ‘लुक अ‍ॅट’ मधला ‘अ‍ॅट’ प्रेपोझिशन आहे, त्याला मागे कोणीतरी लागतंच.

कुठला शब्द अ‍ॅडव्हर्ब आणि कुठला प्रेपोझिशन हे पाठ करत बसू नका, कारण ‘अप’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ वगैरे दोन्ही कामं करतात. दोन टेस्ट करा. पहिली, प्रोनाऊनऐवजी साधं नाम मध्ये घालून बघा. ‘टर्न द लाइट ऑफ’ चालतं, ‘लुक द बेबी आफ्टर’ चालत नाही, म्हणजे ‘लुक आफ्टर हिम’. दुसरी, क्रियापदानंतर एक ‘केअरफुली’ घाला. ‘लुक केअरफुली अ‍ॅट इट’ छान वाटतं, ‘टर्न केअरफुली ऑफ द लाइट’ ऐकूनच कसंतरी होतं. आणि कान तयार असेल तर अजून एक खूण आहे, अ‍ॅडव्हर्ब असेल तर सहसा जोर त्याच्यावर पडतो, टर्न इट ऑफ, आणि ‘लुक अ‍ॅट इट’ मध्ये जोर ‘लुक’वर, ‘अ‍ॅट’ जवळजवळ गिळला जातो.

हे नुसतं व्याकरणाचं पुस्तकी प्रकरण नाहीये, जागा बदलली की अर्थच बदलतो. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे मी त्याचा डाव ओळखला. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे अडचणीच्या काळात मी त्याला शेवटपर्यंत साथ दिली. शब्द तेच चार, आणि एकात तो लबाड, दुसऱ्यात आपला माणूस. तसंच ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे सावर त्यातून, आणि ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे एकदाचं उरकून टाक. मला इंग्लिशमधली ही जागा फार आवडते.

अ‍ॅडव्हर्ब आणि प्रेपोझिशन दोघंही आले तर घाबरायचं नाही, प्रत्येक प्रोनाऊन कोणाचा हात धरतोय ते बघायचं. ‘पुट अप विथ हर’, ‘लुक फॉरवर्ड टू इट’, इथे प्रेपोझिशन शेवटी म्हणून प्रोनाऊन शेवटी. दोन प्रोनाऊन असले तर एक क्रियापदाला, एक प्रेपोझिशनला, मध्ये अ‍ॅडव्हर्ब: ‘गिव्ह इट बॅक टू मी’. आपण ‘ते मला परत दे’ म्हणतो, म्हणजे क्रम पार वेगळा, म्हणून डोक्यात भाषांतर करत बसलात तर हे जमणारच नाही, आख्खा तुकडा तोंडात बसवा.

प्रेपोझिशननंतर ‘आय’, ‘ही’, ‘शी’ येत नाहीत, ‘मी’, ‘हिम’, ‘हर’ येतात. हे आपल्याला सोपं जायला हवं, कारण ‘मीसाठी’ कोणी म्हणत नाही, ‘माझ्यासाठी’च म्हणतो. घोळ होतो तो दोन माणसं आली की, ‘फॉर माय सिस्टर अँड आय’. बहिणीला बाजूला काढा, ‘फॉर आय’ उरतं, चूक लगेच दिसते.

‘हिअर’, ‘देअर’, ‘होम’ यांच्या पोटातच ‘टू’ आहे. आपणही ‘घरी जा’ म्हणतो, ‘घराकडे जा’ म्हणायची गरज नसते, तसंच ‘गो होम’, ‘कम हिअर’. पण ‘माय होम’ म्हटलं की ते नाम झालं, ‘टू’ परत येतो, ‘कम टू माय होम’. आणि ‘फ्रॉम हिअर’, ‘अप देअर’, ‘इन हिअर’ हे चालतं, कारण इथून, तिथे वर, इथे आत ही नवीन माहिती आहे, ती पोटात नव्हती. वेळेचंही असंच, ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट वीक’ यांच्या आधी ‘ऑन’ किंवा ‘इन’ नको.

लांब वाक्यात साधारण प्रोनाऊन, मग कसं, मग कुठे, मग कधी. ‘शी एक्सप्लेन्ड इट क्लिअरली इन क्लास येस्टरडे’. वेळेत लहान आधी, मोठी नंतर, ‘आय मेट हर देअर अ‍ॅट फाइव्ह ऑन मंडे’, आपल्या ‘सोमवारी पाच वाजता’ च्या बरोब्बर उलट.

काही क्रियापदं मात्र घोकावीच लागतात, तिथे लॉजिक शोधू नका. ‘टेल मी’ पण ‘से टू मी’, ‘आन्सर हिम’ पण ‘रिप्लाय टू हिम’, ‘टॉक अबाउट इट’ पण ‘डिस्कस इट’, आणि ‘एक्सप्लेन मी’ नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’.

अजून एक जागा जिथे मराठी आपल्याला फसवते. ‘त्याने छत्री स्वतःबरोबर नेली’ वरून ‘विथ हिमसेल्फ’ लिहावंसं वाटतं. जागा सांगणाऱ्या प्रेपोझिशननंतर इंग्लिशमध्ये सहसा साधा प्रोनाऊनच येतो, ‘ही टुक द अम्ब्रेला विथ हिम’, ‘शी लुक्ड बिहाइंड हर’, ‘आय हॅव नो मनी ऑन मी’.