एनपीटी-सीटीबीटी वाचायचं कसं? शेवटून

अण्वस्त्रांचे करार पाठ करून करून डोकं आउट झालेल्यांसाठी लिहून राहिलो. धरमपेठेतल्या अभ्यासिकेत बसणारे आमचे अर्धे मित्र नोट्समधून हे पाठ करतात आणि आठ दिवसात विसरतात, काहून की मूळ करार कोणी उघडतच नाही. एनपीटी म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करार, फक्त 11 कलमं आहेत हो त्यात, झेरॉक्स काढली तर तर्री पोह्याच्या प्लेटएवढाही खर्च नाही.

पहिलं काम, शेवटच्या पानापासून सुरुवात करा. हे मी रूमच्या भाडेकरारावरून शिकलो. पहिली तीन पानं मन लावून वाचली, नोटीस पिरियड शेवटच्या पानावर होता तो वाचलाच नाही, आणि एका महिन्याचं डिपॉझिट गेलं. देशांच्या करारातही तसंच असते, सुरुवातीला जागतिक शांतता वगैरे गोड गोड आणि खरी मेख मागे.

मागे तीन गोष्टी शोधायच्या. लागू कधी होणार, बाहेर कसं पडायचं, आणि कोणत्या शब्दाचा अर्थ गुपचूप ठरवून टाकलाय.

लागू होण्यापासून घ्या. सही म्हणजे साखरपुडा, रॅटिफिकेशन (देशाने सहीनंतर दिलेली पक्की मंजुरी) म्हणजे लग्न, आणि एवढ्या लग्नांनंतरही करार लागू व्हायची वेगळी अट असते. एनपीटीला अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत युनियन आणि वरून 40 देश लागत होते, 1968 ला सह्यांसाठी खुला झाला, 5 मार्च 1970 ला लागू. 2017 च्या अण्वस्त्रबंदी कराराला कोणतेही 50 देश चालत होते म्हणून तो 22 जानेवारी 2021 ला लागू झाला, पण अण्वस्त्रवाला एकही देश त्यात नाही. आणि सीटीबीटी, म्हणजे सगळ्याच अणुचाचण्यांवर बंदीचा करार? त्यात मागे जोडपत्रात 44 देशांची नावं दिलीयेत, त्यातल्या प्रत्येकाने रॅटिफाय केलंच पाहिजे. एक जरी अडला तरी वरात मांडवाबाहेर. 1996 पासून तसंच चालू आहे. भारत, पाकिस्तान, उत्तर कोरियाने सहीच नाही केली, अमेरिकेने सही केली पण 1999 ला त्यांच्या सिनेटने नाही म्हटलं, आणि रशियाने तर 2023 ला केलेलं रॅटिफिकेशन परत घेतलं. त्यामुळे कोणी म्हटलं की सीटीबीटीने चाचण्यांवर बंदी आहे, तर आधी विचारा, लागू झाला का भाऊ?

आता बाहेर पडायचं कलम, माझं फेवरेट. एनपीटीचं कलम 10 म्हणते की असाधारण घटनांनी देशाचं सर्वोच्च हित धोक्यात आलं तर बाकी देशांना आणि सुरक्षा परिषदेला 3 महिने आधी नोटीस देऊन निघता येते. उत्तर कोरियाने मार्च 1993 मध्ये नोटीस दिली, मुदत संपायला एक दिवस राहिला तेव्हा ती थांबवली, आणि मग जानेवारी 2003 मध्ये म्हणाले की तेव्हाचे दिवस तर भरलेलेच आहेत, एकच दिवस बाकी होता, उद्यापासून आम्ही बाहेर! दहा वर्षं जुनी नोटीस वापरली बावा. आमच्या घरमालकालाही हे सुचलं नसतं. ते खरंच कायदेशीर बाहेर आहेत का यावर अजून वाद आहे.

तिसरी गोष्ट कलम 9 मध्ये. 1 जानेवारी 1967 च्या आधी ज्याने स्फोट केला तोच अण्वस्त्रधारी देश. झालं, पाचच बसले, चीनचा स्फोट 1964 चा म्हणून तोही आत. आपली पोखरणची पहिली चाचणी 18 मे 1974 ची, म्हणजे आपल्याला सही करायची तर बॉम्ब सोडूनच करावी लागेल. टपरीवर कोणी बोलला की भारताने 1998 ला एनपीटी मोडला, तर त्याला शांतपणे सांगा, ज्यावर सहीच नाही तो मोडणार कसा.

एवढं झालं की मग पुढे या आणि क्रियापदं अंडरलाइन करा. कलम 6 मध्ये नि:शस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे बोलणी करायचं वचन आहे, तारीख कुठेच नाही. 1996 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ही बोलणी शेवटाला न्यायचीही जबाबदारी आहे, पण तारीख त्यांनीही दिली नाही. कलम 3 तपासणीचं, ते काम व्हिएन्नाच्या आयएईएकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे. कलम 4 शांततेसाठी अणुऊर्जेचा हक्क, इराणचा सगळा वाद या दोन कलमांच्या मधात आहे, दोन्ही सोबतच वाचा.

एनएसजी यात शोधू नका, तो करार नाहीच, आपल्या 1974 च्या चाचणीनंतर जमलेला अणुसाहित्य पुरवठादार देशांचा गट आहे, 2008 मध्ये त्याने आपल्याला अणुव्यापारासाठी सूट दिली.

प्रॅक्टिसला मात्र छोटा करार घ्या. भारत-पाकिस्तानचा, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा, सही 31 डिसेंबर 1988, लागू 27 जानेवारी 1991. यात दरवर्षी 1 जानेवारीला दोघांनी आपापल्या केंद्रांची यादी अक्षांश-रेखांशासकट एकमेकांना द्यायची असते. 1992 पासून देऊन राहिले, कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिली. येत्या 2 जानेवारीचा पेपर घ्या आणि आतल्या पानावरची ती चार ओळींची बातमी शोधा.